बिनखुर्चीचा डबा

आमच्या गिरणीत माझ्या नावानं एक गोष्ट फिरते. हमाल सांगतात, ड्रायव्हर सांगतात, वजनकाट्यावर गाडी अडकली की शेतकरीही सांगतात. प्रत्येक जण आपल्या पदरचं थोडं घालतो. म्हटलं, एवढे लोक चुकीची सांगून राहिलेत, तर बराबर काय झालं ते मीच एकदा सांगून टाकतो. बसा. चहा घ्या. हसू आलं तर हसा, फक्त कप सांभाळा.

मी किशन. सगळे किशनमामा म्हणतात. शाळा चौथीपर्यंत. लातूरच्या एका डाळ गिरणीत आयुष्य गेलं. आधी पोती उचलली. पाठ गेली तेव्हा थोरल्या मालकांनी ऑफिसच्या चाव्या हातात दिल्या. त्याला एकतीस वर्षं झाली. या एकतीस वर्षांत ऑफिस उघडायला मला एकदाही उशीर झालेला नाही. लेकीच्या लग्नादिवशी सुद्धा आधी ऑफिस उघडलं, मग मांडवात गेलो. बायको अजून बोलते. बोलू द्या.

चाव्या देताना थोरले मालक म्हणाले होते, "किशन, आपला पोत्यांचा बारदाना एकदा जळालाय. संध्याकाळी तू कुलूप लावशील तेव्हा आत एकही बटण चालू दिसायला नको." थोरले मालक गेले. शब्द राहिला. मी रोज सगळ्यांच्या शेवटी निघतो. खोलीखोलीत फिरतो. पंखा, दिवा, कॉम्प्युटर, पाण्याचं मशीन, एकेक बटण बंद करतो आणि बोट लावून पुन्हा बघतो. मग कुलूप.

सकाळचीही माझी एक रीत आहे. साडेसातला उघडायचं. झाडायचं. मग कॉम्प्युटर पुसायचे, प्रत्येकाला उदबत्ती ओवाळायची आणि चालू करायचे. तेही कसे, तर मानाप्रमाणे. पहिला आताच्या मालकांचा. मग मॅनेजर साहेबांचा. मग मुनीमजींचा. मग अर्चनाचा. शेवटी काट्याच्या खोलीतला. लोक आठ-साडेआठला येतात तेव्हा पाचही पडदे उजळून बसलेले असतात. मान ज्याचा त्याला मिळतो. यात काही चूक आहे का? मलाही वाटलं नव्हतं.

आता ही अर्चना कोण, ते सांगतो, कारण पुढं तिच्यावरच बेतलं. मुखेडची पोरगी. दोन वर्षांपासून आमच्याकडं ऑपरेटर. धाकट्या बहिणीला इथं क्लास लावलाय, दोघी खोली करून राहतात. नोकरी गेली तर खोली गेली, बहिणीचा क्लास गेला, दोघींना गठुडं उचलून मुखेडची बस. हे सगळ्यांना माहीत होतं. मला पण.

दिवाळीच्या सुट्टीत ऑफिसची रंगरंगोटी झाली. मुनीमजींच्या खोलीतलं लोखंडी कपाट भिंतीपासून ओढलं, आणि मागं काय निघावं? एक काळा डबा. उभा, गुडघ्याएवढा. त्याला पडदा नाही, बटणांची पाटी नाही, समोर खुर्ची नाही. बारीक हिरवे दिवे लुकलुकतायत आणि मांजरासारखा गुरगुरतोय.

मुनीमजींना विचारलं तर म्हणाले, तो सर्व्हर आहे, असू दे, मागच्या सहा वर्षांपासून तिथंच आहे.

सहा वर्षं! माझ्या पायाखालची जमीन सरकली. सहा वर्षं मी रोज संध्याकाळी बोट लावून बटणं तपासतोय, कुलूप लावून ताठ मानेनं घरी जातोय, आणि हा डबा कपाटामागं रोज रात्रभर जळत होता. थोरल्या मालकांच्या फोटोकडं बघायची सोय राहिली नाही.

मी कुणाला काही बोललो नाही. चुकी आपली, दुरुस्ती आपण करायची. त्या संध्याकाळपासून त्या डब्याचंही बटण मी बंद करायला लागलो. आणि सकाळी सगळ्यांबरोबर चालू. पण सगळ्यांच्या शेवटी. त्याला खुर्ची नाही, म्हणजे तो कुणाचाच नाही. पाच जणांना ओवाळून झालं की उरलेली उदबत्ती त्याला लावायची आणि बटण दाबायचं. त्यातून तो आळशी. बाकीचे एका मिनिटात उठतात, हा दहा मिनिटं नुसता घुरघुरतो. मला तो तेव्हापासूनच आवडला नाही.

दिवाळी झाली. सुट्टी संपली त्या सोमवारी सकाळी अर्चना येऊन बसली आणि दोन मिनिटांत उठून उभी राहिली. काट्यावरचं वजन तिच्या कॉम्प्युटरवर येईना. तिची पावती प्रिंटरवर जाईना. पाचही कॉम्प्युटर चालू, पण कोणी कुणाला ओळख देईना. एकाच घरातले पाच भाऊ भांडून बसावेत तसे.

मी विचारलं काय झालं. ती म्हणाली, "मामा, ह्या कॉम्प्युटरला वाटून राहिलंय की आपण ऑफिसात नाही, बाहेर कुठंतरी आहोत."

मी म्हटलं, "सहा वर्षं हितंच टेबलावर बसलाय. बाहेर कधी गेला?"

तिनं खाली वाकून मागची तार काढली, परत लावली. पडद्यावर काहीतरी पुसलं गेलं, दुसरं आलं, आणि पावती निघाली. तसंच मग मुनीमजींच्या कॉम्प्युटरला केलं, मॅनेजर साहेबांच्याला केलं, काट्याच्याला केलं. तासभर गेला. नंतर दिवसभर सगळं सुरळीत.

मंगळवारी सकाळी पुन्हा तेच. बुधवारी तेच. सकाळी पाचही जण परके, तार काढून लावली की घरचे. आता हंगाम सुरू होईपर्यंत हे कसंबसं चाललं. पण नवी तूर यायला लागली आणि आमच्या फाटकाची रया गेली. औसा, निलंगा, उदगीर, कुठून कुठून गाड्या पहाटे निघून येतात. वजन झालं, पावती मिळाली की गाडी खाली करायची. पावतीच नाही तर गाडी हलणार कशी? एक गाडी अडकली की मागं दहा.

एक दिवस निलंग्याचा एक म्हातारा शेतकरी ट्रॅक्टरवरून उतरून खिडकीशी आला. मला म्हणाला, "मामा, तूर उगवायला बी एवढा टाइम लागला न्हाई."

मी खिडकी लावून घेतली. दुसरं काय करणार?

नांदेडला एक पांचाळ सर आहेत. विष्णुपुरीला इंजिनिअरिंग शिकलेले, आमचे कॉम्प्युटर त्यांनीच बसवलेले. अर्चना त्यांना फोन लावायची आणि ते तिकडून एकेक सांगायचे. हे बंद कर, ते चालू कर, सर्व्हर चालू आहे का बघ. ती बघायची. चालू असायचाच, कारण ती येईपर्यंत मी लावलेला असायचा. मग सरांना तिकडं नांदेडात बसून दिसलं की सर्व्हर रोज संध्याकाळी अचानक बंद पडतो. त्यांनी विचारलं, तुमच्याकडं लाईट जाते का? लातुरात लाईट जाते का हे काय विचारायचं? अर्चना म्हणाली, जाते की. झालं. निदान झालं. मालकांनी नवी मोठी बॅटरी आणली आणि त्या डब्याला जोडली.

संध्याकाळी मी बघितलं, बॅटरीलाही बटण आहे. नवी वस्तू, उगाच रात्रभर जळायला नको. तेही बंद केलं.

आता तुम्हाला कळून राहिलंय. मला तेव्हा नव्हतं कळलं. माणूस आपल्या हाताकडं कधी बघतो?

एक दिवस अर्चनानं मला सरळ विचारलं होतं. पांचाळ सरांनी विचारायला सांगितलं म्हणाली. "मामा, संध्याकाळी तुम्ही काही नवीन बंद करता का?"

मला राग आला. दोन वर्षांपूर्वी आलेली पोरगी मला विचारते. मी म्हटलं, "मी एकतीस वर्षं जे करतो तेच करतो."

ती आपल्या जागेवर जाऊन बसली. आणि मी खोटं बोललो असं मला त्या वेळी खरंच वाटलं नाही. बटण बंद करणं हे जुनंच काम. डबा तेवढा नवा.

बॅटरी आणूनही काही फरक पडला नाही तेव्हा मी स्वतः तपास हातात घेतला. चौथी शिकलो तरी डोळे आहेत. मी चार दिवस बघितलं. बिघाड रोज सकाळी. सकाळी कोण काय करतं? अर्चना येते आणि तारा काढते. रोज. रोज तारा काढल्यावर बिघाड होणार नाही तर काय होईल? माझ्या मनात पक्कं बसलं. ही पोरगी तारा काढते म्हणून हे होतं. आधी बिघाड की आधी तार, एवढा साधा हिशोब सुद्धा मी केला नाही.

मालकांना सांगायच्या आधी पुरावा पाहिजे. म्हणून एका बुधवारी संध्याकाळी मी बारदान्याच्या खोलीतून सुतळी आणली. पाचही कॉम्प्युटरच्या तारा मागच्या बाजूला सुतळीनं आवळल्या. मी पोती शिवत होतो तेव्हा माझी गाठ अख्ख्या मोंढ्याच्या बाजारात प्रसिद्ध होती. ती गाठ दातानं सुटत नाही, सुईनं सुटत नाही, कापावीच लागते. वरून लाख वितळवून ठसा मारला. आता काढून दाखव म्हटलं.

गुरुवार उजाडला. अर्चना आली. पाचही जण परके. ती तार काढायला खाली वाकली आणि तशीच वाकलेली राहिली. मग हळूच वर बघून म्हणाली, "हे कोणी केलं?"

"मी."

"मामा, हे कापावं लागंल."

"मालकांच्या हुकमाशिवाय एकही सुतळी कापायची न्हाई."

मालक कामानं बाहेरगावी, फोन लागेना. मॅनेजर साहेबांनी कात्री मागितली. ऑफिसातल्या तिन्ही कात्र्या माझ्या कपाटात, कपाटाची चावी माझ्या कमरेला. मी स्टूल घेऊन दारात बसलो. माझा विचार असा, की तारा हलल्या नाहीत तर आपोआप सगळं सुरळीत होईल आणि सगळ्यांना कळेल. नऊ वाजले. साडेनऊ. दहा. काही सुरळीत झालं नाही. गाड्यांची रांग फाटकातून बाहेर, रस्त्यावर, पार चौकापर्यंत. कोणी भाकरीचं फडकं सोडून ट्रॅक्टरवरच जेवायला बसलं. कोणी काट्यावर उभं राहून स्वतःचंच वजन करत होतं. निलंग्याचा तो म्हातारा पुन्हा आला होता. खिडकीशी आला, माझ्याकडं बघितलं, आणि या वेळी खिडकी त्यानंच बाहेरून लावून घेतली. ते जास्त लागलं.

अकराला मालक आले. चौकात गाडी सोडून पायी आले, कारण गाडीला वाटच नव्हती. त्यांनी रांग बघितली, सुतळ्या बघितल्या, मला बघितलं.

मी उभा राहून सांगितलं, तारा मी बांधल्या, कोणी हात लावलेला नाही, तरीसुद्धा बिघाड आला. म्हणजे बिघाड तारेत नाही. अर्चनानं कॉम्प्युटरच्या आतच काहीतरी करून ठेवलंय. हे मी बोललो. या तोंडानं.

मालक त्रासले होते. अर्चनाला म्हणाले, शनिवारपर्यंत हे नीट झालं नाही तर सोमवारपासून दुसरा माणूस बघावा लागेल.

पोरगी रडली नाही. ओढणी सारखी केली आणि मला विचारलं, "मामा, मी साडेआठला येते. त्याच्या आधी हितं कोण असतं?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. माझं डोकं फिरलं. कमरेचा जुडगा काढून सगळ्यांसमोर वर धरला. म्हटलं, "चुकी माझ्या उघडण्यात निघाली, तर ह्या चाव्या ह्याच टेबलावर ठेवून जाईन."

मालक म्हणाले, "ठीक हाय."

एवढंच. मला वाटलं होतं, ते म्हणतील, मामा, असं कसं बोलता. तसं काही ते म्हणाले नाहीत.

पांचाळ सर त्याच संध्याकाळच्या बसनं नांदेडहून आले, लॉजवर उतरले. शुक्रवारी सकाळी सव्वासातला फाटकावर हजर. पन्नाशीचे, टक्कल, माझ्याइतकेच कमी बोलणारे. मला बरं वाटलं. म्हणाले, "मामा, मी काही करणार नाही. तुम्ही रोज करता तसंच करा. मी नुसता बघतो."

असा माणूस पाहिजे. मी त्यांना खुर्ची दिली आणि माझी रीत दाखवायला सुरुवात केली. नुसतं केलं नाही, समजावून सांगितलं. पहिला मान मालकांचा. त्यांचा चालू केला. मग मॅनेजर साहेब. मग मुनीमजी. उदबत्ती प्रत्येकाला तीन वेळा, जास्त नाही, राख आत जाते. मग अर्चना. मग काटा. एवढं छान मी कधी बोललो नव्हतो.

सर मागं मागं येत होते. शेवटी मी कपाटाजवळ गेलो, उरलेली उदबत्ती लावली आणि डब्याचं बटण दाबलं.

सरांनी विचारलं, "हा आत्ता चालू केला?"

"हाव."

"सगळ्यांच्या शेवटी?"

"त्याला खुर्ची न्हाई ना."

सर भिंतीला टेकले. मग म्हणाले, "आणि संध्याकाळी?"

"सगळ्यात आधी बंद करतो ह्याला. लई तापतो. बॅटरी बी."

ते एकदा डब्याकडं, एकदा बॅटरीकडं बघत राहिले. मला वाटलं, कौतुकाला शब्द शोधून राहिलेत. मग त्यांनी टक्कल चोळलं आणि मला स्टुलावर बसवलं.

"मामा, कॉम्प्युटर सकाळी उठला की पहिली हाक ह्या डब्याला मारतो. डब्यानं ओ दिली तर त्याला कळतं, आपण घरी आहोत. मग तो सगळ्यांशी बोलतो. ओ आली नाही, तर तो समजतो, आपण बसस्टँडवर आहोत. बसस्टँडवर तुम्ही कसे बसता?"

"पिशवी पोटाशी धरून."

"कुणाशी बोलता?"

"न्हाई. चोर असतात."

"बस. तुमचे पाचही तसेच बसतात. डबा उठतो दहा मिनिटांनी. तोवर ह्यांनी पिशव्या आवळलेल्या. तार काढून लावली की पुन्हा हाक मारतात, आता ओ येते, आणि मोकळे होतात. पोरगी बराबर करत होती. ती होती म्हणून तुमची गिरणी चालली."

मी थोरल्या मालकांच्या फोटोकडं बघितलं. त्यांनीही मदत केली नाही.

सरांनी विचारलं, मालकांना मी सांगू का तुम्ही सांगता? मी म्हटलं, मी. नऊला मालक आले. अर्चना होती, मुनीमजी होते, खिडकीबाहेर चार ड्रायव्हर होते. मी सांगितलं. डबा, बटण, मान, सगळं. तिनं विचारल्यावर मी काय उत्तर दिलं तेही सांगितलं. पाठ दुखत होती, पण बसलो नाही. शेवटी अर्चनाकडं वळून म्हटलं, "पोरी, चुकी माझी. तू जाऊ नकोस." आणि जुडगा टेबलावर ठेवला.

खरं सांगू? मला वाटलं, मालक तो जुडगा माझ्याकडं सरकवतील. एकतीस वर्षं झाली, सरकवतीलच. मालकांनी जुडगा उचलला, तळहातावर तोलला, आणि अर्चनापुढं ठेवला. "उद्यापासून तू उघड. मामा, तुम्ही या निवांत नऊला."

निवांत. हा शब्द त्यांनी माझ्यासाठी पहिल्यांदा वापरला.

शनिवारी मी साडेसातलाच फाटकावर. पायांना कोण सांगणार? हंगामापुरता नवा वॉचमन ठेवलेला आहे, परभणीकडचा. इतके दिवस तो मला बघून नुसता बाजूला व्हायचा. त्या दिवशी काठी आडवी घातली. आदल्या दिवशी त्याला बजावलं होतं, चावीवाल्याशिवाय कोणी आत नाही. त्याला मी कधी माहीतच नव्हतो. त्याला जुडगा माहीत होता.

मी पायरीवर बसलो. आठ वाजले तशी अर्चना स्कुटीवर आली. हेल्मेट काढून माझ्याकडं बघत राहिली.

"मामा, जेवणाच्या डब्याची पिशवी अशी काय पोटाशी धरलीय?"

मी खाली बघितलं. दोन्ही हातांनी धरली होती.

तिनं जुडगा माझ्यापुढं केला. म्हणाली, उघडा तुम्हीच, मला ते वरचं कुलूप निघत नाही. पण आधी सांगा, पहिला कोण? मी म्हटलं, डबा. मग? मग दहा मिनिटं थांबायचं. मग? मग मालक. ती म्हणाली, पास. आत गेलो तर त्या डब्यासमोर तिनं आदल्या दिवशीच एक खुर्ची आणून ठेवली होती. गादीची. मालकांच्या खोलीतली.

आता रोज असंच चालतं. जुडगा तिच्याकडं, कुलूप मी काढतो. संध्याकाळी मी सगळी बटणं बंद करतो आणि ते एक हिरवं लुकलुकतं सोडून कुलूप लावतो. घरी जाताना तीनदा मागं वळून बघतो. सकाळी पाचही कॉम्प्युटर हाक मारतात, ओ येते, आणि ते एका झटक्यात घर ओळखतात. महिन्याभरात एकदाही चुकलेले नाहीत.

फाटकावरचा वॉचमन मात्र अजून रोज विचारतो, "कुणाकडं जायचंय, बाबा?"